महानंदाअक्काची ट्रायल

नांदेडला आमच्या घराकडे वळायच्या चौकात अलीकडेच मोटारसायकलीचं एक भलंमोठं होर्डिंग लागलंय. काळी चकचकीत गाडी, मागे डोंगर आणि गाडीवर रेलून बसलेली एक तरुणी. केस मोकळे, पायात उंच टाचांचे बूट, नजर भलतीकडेच. सिग्नलला थांबले की मी ते बघते, आणि अहमदपूरच्या महानंदाअक्काचा आवाज कानाशी सुरू होतो. "मॅडम, ह्या बाईला गाडी चालवायची हाय का गाडीवर झोपायचंय? ह्या टाचंनं गिअर कसा टाकंल ती? अन् किल्ली बगा, किल्लीच न्हाई लावलेली. डोंगरापर्यंत ढकलत आणलीय काय गाडी?" मग सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवतात आणि मी एकटीच हसत पुढे निघते. बघणाऱ्यांना वाटत असेल, या बाईंचं काही खरं नाही.

महानंदाअक्काचं अहमदपूरला एसटी स्टँडकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. मी तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायला होते, तेव्हाची आमची ओळख. माझी स्कूटर एके दिवशी भर उन्हात तिच्या दारासमोर बंद पडली, म्हणजे नशीबच म्हणायचं. गॅरेजात एक बाई गुडघा टेकून बसली होती. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, पदर कमरेला गच्च खोचलेला, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. हातातल्या काचेच्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सरकवल्या होत्या आणि खाली घसरू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी कडी त्यांच्याखाली चढवली होती. मी विचारलं, "मिस्त्री कुठे गेलेत?"

"मिस्त्री हितंच हाय. डोळे तुमचे कुठं गेलेत?"

ही आमची पहिली भेट. मी ओशाळले, पण तिला त्याचं काहीच नव्हतं. असं विचारणारी मी पहिली नव्हतेच, तिचं उत्तर तयार होतं. तिने पाना माझ्या हातात दिला आणि प्लग कुठे असतो ते दाखवलं. मी म्हटलं, मला नाही जमणार. "हात लावा, चावत न्हाई," अक्का म्हणाली. प्लग बाहेर आला, काजळीने भरलेला. तो मीच घासला, मीच बसवला आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. घरी गेल्यावर मी साबणाने हात धुतले नाहीत, आधी आईला दाखवले. एम.ए.चा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

पुढे मी काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन बसायला लागले. बसण्यासारखी जागाच होती ती. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी अक्काचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "मागं कोण बसतं?" गाडीचा मालक गोंधळायचा. तो सांगायला आलेला असायचा की पिकअप नाही, ॲव्हरेज नाही. पण अक्काला आधी मागच्या माणसाचं कळायला हवं असायचं. आई बसते का बायको, एका बाजूला बसते का दोन्हीकडे पाय टाकून, लेकरू मांडीवर असतं का. त्याप्रमाणे ती मागचे शॉकअप कमीजास्त करायची, पाय ठेवायची दांडी वाकडी असेल तर सरळ करायची. पोरं गाडीला ऐट यावी म्हणून मागच्या चाकाची जाळी काढून टाकतात, ती साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली. अशी उघडी गाडी आली की अक्काचा पारा चढायचा. "तुला कुणी हिरो म्हणावं म्हणून मायचा पदर चाकात घालतो का?" जाळी बसवल्याशिवाय ती गाडी बाहेर जायची नाही. पोरगं तोंड वाकडं करून का होईना, बसवून घ्यायचं.

भिंतीवर एका ऑईल कंपनीचं कॅलेंडर होतं. कुणीतरी दरवर्षी फुकट आणून द्यायचं. त्यात दर महिन्याला एक नवी बाई, नव्या गाडीवर, अंगावर कपडे जेमतेम. दुसऱ्या गॅरेजात लोक ते चोरून बघतात, इथे बाईच्या देखत बघायची पंचाईत, म्हणून गिऱ्हाइकं उगाच छताकडे बघत बसायची. अक्काने त्यावर तोड काढली. कॅलेंडर फाडून टाकलं असतं तर ती अक्का कसली! खाकी कागद कापून तिने जानेवारीच्या बाईला बॉयलर सूट शिवला, म्हणजे चिकटवला, आणि हातात चांदीच्या कागदाचा पाना दिला. फेब्रुवारीतल्या बाईला स्वेटर आणि हेल्मेट. "बिचारीला थंडी वाजून राहिली असंल," ती म्हणाली. मग लोकांना सवयच लागली. पहिली तारीख आली की मोंढ्यातले दोन-तीन लोक गाडी ठणठणीत असतानाही हवा बघायच्या निमित्ताने येऊन जायचे, आता बाईने काय घातलंय ते बघायला. एका मे महिन्यात तिला टोपडं आणि डोळ्यांवर गॉगल लावला होता, आणि शेजारी कागदाचा माठ.

अक्काचे यजमान मल्लिकार्जुन मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अतिशय सज्जन माणूस, आणि गाडी चालवायची म्हटलं की त्यांच्या हाताला घाम फुटायचा. लग्नानंतर एकदा त्यांनी प्रयत्न केला होता, तो एका हातगाड्यावर जाऊन संपला. तेव्हापासून अक्का पुढे आणि मास्तर मागे. मांडीवर पिशवी, हातात छत्री, चेहऱ्यावर समाधान. सुरुवातीला गावातल्या लोकांनी त्यांना पुष्कळ छळलं. मास्तर म्हणायचे, "मला पुढचं काई बघावं लागत न्हाई. आरामात गाव बघत जातो. तुमी बघा कधी बसून." लाज नावाची गोष्ट त्या माणसाने या बाबतीत कधी अंगाला लावूनच घेतली नाही. मला वाटतं, अक्का जी काही होती त्यात या मागे बसण्याचा वाटा मोठा होता.

पण गाव म्हणजे मास्तर नव्हे. गॅरेज उघडलं तेव्हा तिच्याकडे फक्त 'लेडीज गाड्या' यायच्या. नर्सबाई, शिक्षिका, कॉलेजच्या मुली. गिअरच्या गाड्या घेऊन पुरुष यायचे ते अगदी नाइलाज झाला तर, आणि तिथेच खरी अडचण सुरू व्हायची. कारण अक्काची कामाची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की मिस्त्रीने गाडी चालवायची आणि मालकाने मागे बसायचं. त्याला ती ट्रायल म्हणायची. तिचं म्हणणं असं, की चालवणाऱ्याला गाडीचा आवाज कळतो, पण गाडीचं दुखणं मागे बसणाऱ्याला कळतं. कुठे थरथरते, कुठे गचका देते ते तळपायाला आणि पाठीच्या कण्याला समजतं. मालकाने मागे बसून 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ती किल्ली देत नसे. आणि भर बाजारातून बाईच्या मागे बसून जायचं म्हणजे अहमदपूरच्या पुरुषांना आपली मिशी हातात काढून दिल्यासारखं वाटायचं. "अक्का, मी हितंच उभा राहून ऐकतो," असं ते म्हणायचे. "मग गाडी बी हितंच उभी राहील," अक्का म्हणायची.

मोंढ्यातल्या एका अडत्यांची गाडी अशी अडकली. मोठं प्रस्थ, अंगानेही आणि मानानेही. गाडी तयार होती, पण शेठ मागे बसायला तयार नव्हते. भाच्याला पाठवलं, तर अक्का म्हणाली, ज्याची गाडी त्याची ट्रायल. काही दिवस शेठ मोंढ्यात पायी यायला लागले, धापा टाकत. शेवटी एका दुपारी ते आले ते तोंडाला रुमाल बांधून, डोक्यावर टोपी ओढून, डोळ्यांवर काळा चष्मा. अक्काने किक मारली. शेठ मागे बसले. गाडी रस्त्याला लागली मात्र, चहावाला ओरडला, "शरणार्थ शेठ!" पुढे पानटपरीवरून, "राम राम शेठ, कुणीकडं?" अहो, तोंड झाकलं तरी ते पोट साऱ्या मोंढ्याला पाठ! चौकापर्यंत गेल्यावर शेठनेच वैतागून रुमाल सोडला आणि परत येताना दोन्ही बाजूंना हात करत आले. उतरून म्हणाले, "मागच्या चाकात जरा खरखर वाटली." अक्काने बघितलं तर खरंच बेअरिंग गेलेलं होतं. त्यानंतर अक्काच्या मागे बसणं ही गावात लाजेची गोष्ट राहिली नाही. उलट एखाद्याला बसायला मिळालं नाही तर तो 'माझी ट्रायल राहिली' म्हणून कुरकुरायचा.

तिचं नाव झालं तसं लातूरच्या एका शोरूमवाल्याने तिला महिला दिनाच्या जाहिरातीसाठी बोलावलं. मला सोबत नेलं, कारण "तितले लोक इंग्रजीत बोलले तर तुमी ऐका, मी गाड्या बघते." तिथे दिवे, छत्र्या, फोटोवाला, आणि मेकअप करणारी एक पोरगी. आधी त्यांनी अक्काचे हात लिंबाने घासून स्वच्छ करायला लावले. नखं काळी दिसतात म्हणे. मग तिच्या हातात कोरा करकरीत पाना दिला. मग त्या पोरीने डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि अक्काच्या गोऱ्या गालावर एक सुंदर तिरका फराटा ओढला. काम करताना ऑईल लागल्यासारखं दिसावं म्हणून.

अक्काने आरशात बघितलं. "हे काय?"

"अक्का, मेकॅनिक लूक आहे."

"गालाला ऑईल? मी काय तोंडानं नट खोलते का?"

सगळे हसले, ती पोरगीसुद्धा. मग त्यांचं म्हणणं पडलं की गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसा आणि पाना खांद्यावर ठेवा. अक्का म्हणाली बरं. पण दिवे लावायला त्यांना वेळ लागत होता, आणि मोकळं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. शोरूमची नवी गाडी समोर होती, तिच्या चेनचा ताण अक्काला बरोबर वाटेना. ती खाली उतरली, गुडघा टेकला, बांगड्या वर सारल्या आणि कामाला लागली. फोटोवाला हाका मारतोय, हिचं लक्ष नाही. शेवटी त्याने कंटाळून तशीच दोन-चार बटणं दाबली. छापून आला तो तोच फोटो. लातूरच्या एका मोठ्या रस्त्यावर होर्डिंग लागलं, त्यावर अक्काची फक्त पाठ, वेणी आणि टेकलेला एक गुडघा. ती मास्तरांना मागे बसवून बघायला गेली आणि येऊन गावभर सांगत सुटली, "माझी पाठ लातूरला लागलीय, जाऊन बघा!"

ते होर्डिंग आणखी एका माणसाने बघितलं, आणि इथून मला अक्काची ती एक गोष्ट सांगायची आहे जी ती हसत हसत सांगायची, पण सांगून झाल्यावर उगाच एखादा घट्ट असलेला नट पुन्हा घट्ट करायला घ्यायची.

अक्काचे वडील वीरभद्रअप्पा म्हणजे उदगीरचे नामांकित मिस्त्री. हैदराबादकडून आलेल्या एका उस्तादाच्या हाताखाली ते शिकले होते. त्यांच्या गॅरेजात शागिर्दाला मिस्त्री करण्याची एक रीत होती. पोराने एक आख्खं इंजिन एकट्याने खोलून बांधायचं. मग त्याने गाडी चालवायची आणि उस्तादाने मागे बसायचं, नाक्यापर्यंत आणि परत. अप्पा काही बोलायचे नाहीत. पण काम पसंत पडलं तर उतरल्यावर ते त्या पोराला नावाने हाक मारायचे नाहीत. म्हणायचे, "मिस्त्री, चहा सांग." त्या दिवसापासून तो जन्मभर मिस्त्री. अक्काची गॅरेजातली ट्रायल आली होती ती इथून.

अक्काने असं इंजिन बांधलं होतं, लग्नाआधी, बापाच्याच गॅरेजात. शेजारी तिच्याबरोबर शिकणारी पोरं एकेक करून मिस्त्री झाली होती. तिची पाळी आली तेव्हा अप्पांनी गाडी स्वतः चालवत नाक्यापर्यंत नेली, एकट्यानेच परत आणली, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "मान्दा, आत जा. मायला मदत कर." भर रस्त्यात पोरीच्या मागे बाप बसला तर लोक काय म्हणतील, हे त्यांना पेलवलं नसावं. शिकवताना त्यांनी हात राखला नव्हता. पण मागे बसायची वेळ आली तेव्हा ते बसले नाहीत. पुढे लग्न झालं, गॅरेज निघालं, सारा तालुका तिला मिस्त्री म्हणायला लागला. अप्पा यायचे, चहा घ्यायचे, खुर्चीत बसून सगळं बघायचे आणि जाताना म्हणायचे, "येतो, मान्दा."

"अख्खं अहमदपूर मागं बसवलं मी," ती मला एकदा म्हणाली. "एक माणूस तेवढा राहिला."

तर ते होर्डिंग. अप्पांना आता ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मुलाने त्यांना लातूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. येताना रस्त्यात त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. मुलगा म्हणाला, काय झालं? अप्पा वर बघत उभे. "ही मान्दा हाय," ते म्हणाले. तोंड तर दिसत नव्हतं. "गुडघा बग. डावा टेकलाय, उजव्यावर कोपर. हे बसणं माजं हाय." हा किस्सा भावाने फोनवर सांगितला, तेव्हा मी गॅरेजातच होते. अक्काने तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला. फोन ठेवून तिने हात पुसले. मग तिने ठरवलं.

अप्पांची स्वतःची एक साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी होती. हात थरथरायला लागले तशी ती उदगीरच्या घरात मागच्या पडवीत पडून होती. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. अक्काने ती टेम्पोत घालून अहमदपूरला आणली. उन्हाळ्यात आणली आणि दसरा जवळ आला तरी काम चालूच. इंजिन मोकळं करून गोणपाटावर मांडलं. पिस्टन अडकलेला, टाकीला आतून गंज, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. काही भाग लातूरला मिळाले, काही कुठेच मिळाले नाहीत, ते तिने लेथवाल्याकडे बसून करून घेतले. आलेल्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "थांबा जरा, घरचं पेशंट हाय." मीही त्या काळात तिच्या हाताखाली रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतलेत. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच सेमिनारचा मला इतका अभिमान नाही.

अप्पांना तिने खंडेनवमीच्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, पेचकस, हातोड्या धुऊन पुसून लाल कापडावर मांडलेल्या, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एकदा पूजेला मांडलं की त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावायचा नाही, आणि या बाबतीत अप्पांइतका कडक माणूस उदगीरात दुसरा नव्हता. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, तिनं दिवस बघून बोलावलंय." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

अप्पा आले. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, कानात नवं मशीन. गॅरेजासमोर झेंडूची माळ घातलेली त्यांची फटफटी उभी. ते तिच्याभोवती फिरले. टाकीवर हात फिरवला. चाक फिरवून बघितलं. अक्का एका बाजूला उभी होती. तिने बांगड्या उगाचच वर सारल्या होत्या.

"चालू कर," अप्पा म्हणाले.

अक्काने किक मारली. फटफटीने एक दणदणीत ठोका दिला आणि तिचा तो संथ, भरदार आवाज साऱ्या रस्त्यावर पसरला. समोरचे दुकानदार बाहेर आले. अप्पांनी मान तिरकी केली. कपाळाला आठी पडली.

"शिट्टी वाजून राहिली. इंजिनाच्या हेडातून हवा जाते."

अक्काचा चेहरा पडला. तिने खाली वाकून कान लावला. मग वर येऊन बापाकडे नीट बघितलं, आणि जवळ जाऊन त्यांच्या कानातलं मशीन अलगद काढलं. तळहातावर घेऊन मूठ मिटली. मुठीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. ती मूठ तिने सगळ्यांपुढे फिरवली. "हवा हितून जाऊन राहिली, अप्पा!" जमलेले सगळे खो खो हसले. अप्पांना ते ऐकू आलं नाही, पण समजलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

आता मात्र पेच पडला. मशीन कानात घातलं की शिट्टी, काढलं की काहीच ऐकू येत नाही. तर मग इंजिन तपासायचं कसं? अप्पांचा हात सवयीने हत्यारांकडे गेला. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ते बहिरे झाल्यावरही आतलं सगळं सांगायचे, असं अक्का म्हणायची. पण पेचकस लाल कापडावर होता, हळदकुंकू लावलेला, वर झेंडू. हात अर्ध्यातच थांबला. त्यांनी पूजेकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. मुलगी आकाशाकडे बघत होती. मास्तरांच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला, आणि मला वाटतं, अप्पांनाही त्याच क्षणी कळला.

आता गाडीचं दुखणं समजून घ्यायचा एकच मार्ग उरला होता. सगळा रस्ता बघत होता. शेठ होते, चहावाला होता, नर्सबाई होत्या. नाही म्हणून अप्पा आतल्या खुर्चीत जाऊन बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण अक्काचं काय झालं असतं ते मला बघवलं नसतं.

अप्पांनी धोतराचा सोगा उचलून कमरेला खोचला.

"बस म्होरं," ते म्हणाले.

अक्का मशीन मास्तरांच्या हातात देऊन पुढे बसली. अप्पा एक हात तिच्या खांद्यावर टेकून मागे बसले, दोन्ही तळपाय दांड्यांवर नीट दाबून. डोळे मिटून घेतले. फटफटी हलली आणि झेंडूच्या माळेसकट स्टँडकडे निघाली. आम्ही सगळे रस्त्याच्या मधोमध येऊन बघत राहिलो. मास्तरांनी हातातला नारळ छातीशी धरला होता.

नाक्याला वळसा घालून गाडी परत येताना दिसली. अप्पांचे डोळे अजून मिटलेले होते. चौकाजवळ आल्यावर त्यांनी ते उघडले आणि अक्काच्या कानाशी तोंड नेलं. त्यांच्या मते ते हळूच, बाप-लेकीत राहील असं काही सांगत होते. पण ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्याचं हळू ते काय हळू! स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"मिस्त्री! माज्या हातानं बी ही एवढी गुमान कधी चालली न्हवती!"

ते सगळ्यांनी ऐकलं. नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेठ टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. आता अक्का थांबेल, उतरेल, बापाच्या पाया पडेल म्हणून मास्तर नारळ घेऊन पुढे झाले. पण गाडी थांबलीच नाही. आमच्या समोरून सरळ पुढे गेली. अक्काच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं, आणि ती मान मागे वळवून गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "काय म्हणलात अप्पा? वाऱ्यानं ऐकू न्हाई आलं! परत म्हणा!"

आणि अप्पांनी परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.

"हिचे कान तर ठणठणीत हायेत," मास्तर म्हणाले. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि पायरीवर आरामात बसून घेतलं. मोंढ्याच्या टोकाला आणि मग पुन्हा नाक्याला वळून फटफटी तिसऱ्यांदा आली तेव्हाही अक्का तेच विचारत होती, आणि अप्पा तेच सांगत होते.